"मॅडम, लावायचं काय?" केमिकलने भाजण्यावर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की अ‍ॅसिड, कॉस्टिक, सिमेंट, क्लीनर असल्या केमिकलने भाजण्याबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा. आले, भरपूर आले, सगळे छापणं शक्य नाही म्हणून सारखे सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देतेय. निम्म्या लोकांनी फिरून फिरून शेवटी तेच विचारलंय, "मॅडम, पण लावायचं काय?" आमच्या बर्न्स वॉर्डच्या दारातही पेशंट स्ट्रेचरवरून उतरायच्या आधी नातेवाईक हेच विचारतात आणि तोवर काहीतरी लावूनच आणलेलं असतं, टूथपेस्ट, तेल, अंड्याचा बलक, एकदा तर चक्क शाई, आणि ते सगळं काढण्यातच आमचा सुरुवातीचा वेळ जातो. तर उत्तर आधीच देऊन टाकते, लावायचं काही नाही, धुवायचं. कसं आणि किती वेळ, सगळी मेख त्यात आहे.

प्रश्न : टॉयलेट क्लीनरची बाटली उघडताना हातावर सांडली. भाऊ म्हणाला अ‍ॅसिडवर खायचा सोडा टाकला की अ‍ॅसिड मरतं, शाळेत शिकलोय आपण. मी सोडा शोधत बसले, मिळेपर्यंत ५ मिनिटं गेली, मग लावला तर अजूनच आग आग झाली. काय चुकलं?

ताई, सोडा शोधण्यात गेलेली ती ५ मिनिटं सगळ्यात महाग पडली. काय होतं बघा, आग विझली की विझली, केमिकल तसं विझत नाही, ते पाण्याने वाहून जाईपर्यंत कातडीत शिरतच राहतं. सोड्याचं म्हणाल तर शाळेतलं बरोबरच आहे, अ‍ॅसिड आणि सोडा एकमेकांना मारतात, पण कडक अ‍ॅसिड असं मारताना उष्णता निघते आणि वहीत समीकरण लिहिताना ती उष्णता आपल्या डोक्यात नसते. आधीच भाजलेल्या हाताला हे नको असतं. शिवाय फेस येतो आणि लोकांना वाटतं वा, काम करतंय. याच्या उलट करणारेही भेटतात, कॉस्टिक पडलं म्हणून वर लिंबू पिळलेलं, व्हिनेगर ओतलेलं. तेही नको.

बऱ्याच टॉयलेट क्लीनरमध्ये साधारण १० टक्के हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं, म्हणजे लगेच धुतलं तर बहुतेक वेळा थोडक्यात सुटतो माणूस. सरळ नळाखाली हात धरायचा आणि त्याचवेळी बांगड्या, अंगठी, घड्याळ, भिजलेले कपडे काढत जायचं कारण केमिकल त्यांच्याखाली साचून बसतं. शर्ट डोक्यावरून काढायचा असेल तर काढूच नका, कात्रीने कापा, नाहीतर तोच भिजलेला शर्ट चेहऱ्यावरून जातो, हे मी कितीदा पाहिलंय की छाती भाजलेला माणूस घरच्यांच्या मदतीने गालही भाजून येतो. पाणी वाहतं हवं, फोर्स कमी हवा, आणि धार अशी धरा की पाणी थेट खाली पडेल, चांगल्या कातडीवरून वाहणार नाही. धुणाऱ्यानेही हातमोजे घाला, नसले तर हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळा.

किती वेळ? घड्याळ बघून कमीत कमी २० ते ३० मिनिटं, आणि कॉस्टिक सोड्यासारखं काही असेल तर तासभर, कधी त्याहून जास्त. लोक २ मिनिटं धुतात आणि आम्हाला सांगतात की अर्धा तास धुतलं, खोटं नाही बोलत ते, घाबरलेल्या माणसाला तसंच वाटतं. लहान मूल असेल तर एवढा वेळ पाण्याखाली ते गारठतं म्हणून पाणी फार गार नको, बर्फ तर अजिबात नको, आणि जो भाग भाजलेला नाही तो कोरड्या चादरीत गुंडाळून ठेवा. पाण्याची टंचाई असेल अशा ठिकाणच्या बऱ्याच जणांनी विचारलंय की साठवलेलं चालेल का, तर चालेल, टाकीतलं, पिंपातलं, बाटलीतलं, स्वच्छ दिसेल ते घ्या आणि मग्गाने सावकाश धार धरत राहा, उकळून गार केलेल्या पाण्याची वाट बघत बसू नका.

जाता जाता एक, टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच एकत्र ओतून "डबल सफाई" करणारे लोक आहेत, त्यातून क्लोरीन गॅस निघतो आणि तो थेट फुप्फुसात जातो. दोन वेगळ्या बाटल्या, दोन वेगळे दिवस.

प्रश्न : पाणी कुठल्याच परिस्थितीत टाकू नये असं पण काही असतं का?

असतं, पण यादी छोटी आहे आणि ती ऐकून लोक पाणीच टाकायला घाबरतात म्हणून जरा कचरतच सांगते. कोरडी पावडर अंगावर पडली असेल, म्हणजे कळीचा चुना वगैरे, तर आधी झटकायची, मऊ ब्रशने किंवा कोरड्या कापडाने, कारण कळीच्या चुन्यावर थोडं पाणी पडलं की तो तापतो (चुना विरवताना पिंप कसं वाफाळतं पाहिलंय ना, तेच अंगावर). झटकून झाल्यावर मग भरपूर पाणी. सोडियम, पोटॅशियम धातूचे तुकडे असतील तर मात्र पाणी नको, ते पाण्यात पेट घेतात, तुकड्यांवर तेल घालून चिमट्याने काढायचे, पण हे लॅबमध्ये काम करणाऱ्यांसाठी, घरात कोणाकडे सोडियम नसतं. पांढरा फॉस्फरस याच्या बरोबर उलट, तो हवेत आपोआप पेटतो म्हणून तो भाग सतत ओला ठेवायचा.

फिनॉलचं जरा वेगळं आहे (शुद्ध फिनॉल म्हणतेय, फरशी पुसायचं फिनाइल नाही). ते कातडी पांढरी करतं आणि बधिर करतं, त्यामुळे दुखत नाही आणि माणूस निवांत बसतो, तेवढ्यात ते रक्तात जाऊन झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. थोड्या पाण्याने ते पसरतं आणि जास्तच शोषलं जातं, म्हणून त्याला शॉवरखाली उभं राहून धो धो पाणी लागतं.

प्रश्न : माझे मिस्टर बांधकामावर आहेत. गुडघे टेकून दिवसभर कोबा केला, पँट ओली झाली होती पण दुखत काहीच नव्हतं. रात्री गुडघे लाल, दुसऱ्या दिवशी काळपट आणि कातडी सुटायला लागली. डॉक्टर म्हणाले भाजलंय. सिमेंटने कोण भाजतं?

भरपूर लोक भाजतात ताई, फक्त त्याला भाजणं म्हणत नाहीत, "सिमेंट लागलं" म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी परत कामावर जातात. ओल्या सिमेंटचा पीएच (अ‍ॅसिडपणा मोजायचा आकडा, साधं पाणी ७, खाली गेलं की अ‍ॅसिड, वर गेलं की कॉस्टिकसारखं) १२ ते १३ असतो, म्हणजे जवळपास कॉस्टिकच्या घरातलं काम.

इथे अ‍ॅसिड आणि अल्कलीतला फरक नीट समजून घेऊ कारण पुढची अर्धी उत्तरं त्यावरच आहेत. अ‍ॅसिड कातडीला लागलं की कातडीतलं प्रोटीन गोठतं, अंडं उकडल्यावर गोठतं तसं, आणि तो गोठलेला कडक थरच पुढच्या अ‍ॅसिडला थोडाफार अडवतो. अल्कली, म्हणजे कॉस्टिक, चुना, सिमेंट, असं कवच होऊ देत नाही. ती प्रोटीन विरघळवते आणि चरबीचा साबण करते, खरोखरचा साबण, कारखान्यात होतो तोच. कॉस्टिकच्या पाण्यात बोट लागलं की बुळबुळीत लागतं ना, त्यात तुमच्याच कातडीतल्या तेलाचा झालेला साबण असतो. त्या बुळबुळीतून ती आणखी खाली, आणखी खाली जात राहते आणि सुरुवातीला दुखत नाही. म्हणून अ‍ॅसिडवाला ओरडत येतो आणि सिमेंटवाला दुसऱ्या दिवशी चालत येतो, आणि कित्येकदा चालत आलेल्याचंच जास्त खोल निघतं.

तुमच्या मिस्टरांची कातडी काळपट किंवा चामड्यासारखी झाली असेल आणि टोचलं तरी कळत नसेल तर ते पूर्ण जाडीचं भाजणं असण्याची शक्यता आहे, त्याला मांडीची कातडी काढून लावावी लागते, मलमाने भरून येण्याची वाट बघत महिना घालवू नका, आजच बर्न्स किंवा प्लास्टिक सर्जरीच्या डॉक्टरांना दाखवा. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का तेही विचारा.

पुढे काम करताना वॉटरप्रूफ नी-पॅड, आणि गमबूट घातले तर पँट बुटाच्या बाहेरून, वर चिकटपट्टी मारून. बुटात माल गेला आणि माणूस तसाच काम करत राहिला तर ते बूट नसण्यापेक्षा वाईट, कारण बूट तो माल पायाला दाबून धरतो आणि घामाने ओलाही ठेवतो. मोजा काढताना मोज्याबरोबर कातडी आलेले पाय पाहिलेत मी, आणि त्या माणसाचं म्हणणं काय तर "दुपारी जरा चुरचुरलं होतं".

प्रश्न : चुन्याची छोटी प्लास्टिकची पुडी माझ्या ६ वर्षांच्या भाच्याने दाबली, ती फुटली आणि चुना डोळ्यात उडाला. आम्ही ५ मिनिटं डोळा धुतला, रुमालाने झाकला आणि दवाखान्यात नेलं, पोचायला दीड तास लागला. आता त्या डोळ्याचं काळं पांढुरकं दिसतंय. अजून धुतलं असतं तर वाचलं असतं का?

कदाचित बरंचसं वाचलं असतं. हे वाचून तुम्हाला वाईट वाटणार पण खोटं सांगून उपयोग नाही, आणि तुम्ही ५ मिनिटं तरी धुतलंत, बरीच मुलं आमच्याकडे अजिबात न धुता येतात, डोळ्यावर घडी करून पट्टी बांधलेली आणि पट्टीखाली चुना तसाच.

डोळ्यात काही उडालं की लगेच, त्याच जागी, मूल ओरडलं तरी, एकाने डोकं धरायचं आणि दुसऱ्याने बोटांनी पापण्या उघड्या धरून नाकाच्या बाजूकडून कानाकडे पाण्याची धार सोडायची म्हणजे दुसऱ्या डोळ्यात जात नाही. कमीत कमी अर्धा तास. चुन्याचे कण तर वरच्या पापणीच्या आत चिकटून बसतात, नुसत्या पाण्याने निघत नाहीत, पापणी उलटी करून ओल्या कापसाने काढावे लागतात, हे डॉक्टरने करायचं. प्रवासातही धुणं चालू ठेवता येतं, पाण्याच्या दोन-चार बाटल्या गाडीत घ्यायच्या.

मी शिकत होते तेव्हाची गोष्ट सांगते. असाच एक पेशंट, मी सलाइनची बाटली लावून १५ मिनिटं धुतलं, खालच्या पापणीत कागदाची पीएच पट्टी टेकवली, रंग बरोबर आला, मी खूश, बाटली बंद. आमच्या वॉर्डातल्या जुन्या सिस्टर काही बोलल्या नाहीत, १० मिनिटं थांबल्या आणि स्वतः दुसरी पट्टी काढून परत टेकवली. निळी. आत अडकलेला चुना परत पाझरत होता. मग आणखी दोन बाटल्या, आणि पापणीच्या खोबणीतून तांदळाच्या कणीएवढा गोळा निघाला. तेव्हापासून धुणं थांबवल्यावर परत बघितल्याशिवाय मी विश्वास ठेवत नाही.

भाच्याबद्दल, काळ्या भागाच्या कडेला, जिथे काळं आणि पांढरं मिळतं, तिथे कॉर्निया, म्हणजे काळ्या भागावरचा पारदर्शक पडदा, दुरुस्त करणाऱ्या स्टेम सेल्स (नव्या पेशी बनवणाऱ्या मूळ पेशी) असतात, चुना त्या जाळतो आणि म्हणून पांढुरकेपणा येतो, रक्तवाहिन्या आत शिरतात. एकाच डोळ्याला झालं असेल तर चांगल्या डोळ्याच्या कडेवरून अगदी छोटा तुकडा घेऊन त्याचे बारीक बारीक भाग करून खराब डोळ्यावर लावायची शस्त्रक्रिया आहे, एसएलईटी म्हणतात. ती २०१२ मध्ये हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतल्या डॉक्टरांनी मांडली आणि तिची खासियत म्हणजे पेशी वाढवायला महागडी लॅब लागत नाही, त्या डोळ्यावरच वाढतात. आपल्यासारख्या देशांतून निघालेली पद्धत आज जगभर वापरतात, हे लोकांना माहीतच नसतं. मूल लहान आहे, तो डोळा बराच काळ वापरात नसला की मेंदू त्याच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो, म्हणून कॉर्नियाच्या तज्ज्ञाकडे लवकर जा, मोठा झाल्यावर बघू असं करू नका.

प्रश्न : शेजारच्या बाईने मोरी साफ करायचं कॉस्टिकचं पाणी कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवलं होतं, तिचा ३ वर्षांचा मुलगा प्यायला. मिठाचं पाणी पाजून उलटी करवली, तोंडात काही दिसेना म्हणून घरीच ठेवलं. आता दीड महिन्याने घास गिळत नाही, फक्त पातळ पितो. हे त्याचंच असेल का?

त्याचंच आहे, जवळजवळ नक्की. उद्या नको, आजच बालशल्यचिकित्सक किंवा पोटाच्या डॉक्टरांकडे न्यायला सांगा.

एक एक करून सांगते. उलटी करवायची नाही, कधीच नाही. जे खाली जाताना अन्ननलिका भाजत गेलं ते वर येताना दुसऱ्यांदा भाजतं, आणि थोडं श्वासनलिकेत गेलं तर अजून वेगळं संकट. मिठाचं पाणी लहान मुलांना तसंही धोक्याचं, रक्तातलं सोडियम वाढतं. पिऊन गेल्यावर तोंड खळखळून धुवायचं, थुंकायला लावायचं, ओठ, हनुवटी, कपडे धुवायचे, पाजायचं काही नाही आणि बाटली बरोबर घेऊन निघायचं. लेबल असलेली बाटली असेल तर डॉक्टरचे १५ मिनिटं वाचतात, कोल्ड्रिंकची असेल तर आत काय भरलं होतं हे आम्ही वासावरून आणि पीएच पट्टीवरून ओळखत बसतो.

तोंडात काही दिसत नाही याचा अर्थ आत काही नाही असा होत नाही, यात भले भले फसतात. पातळ कॉस्टिक झटकन घशाखाली जातं आणि जीभ, टाळू स्वच्छ राहतात. मूल सारखी लाळ गाळत असेल, दूध-पाणी नाकारत असेल, आवाज बसला असेल, श्वास घेताना घर्र आवाज येत असेल तर दुर्बीण घालून बघावंच लागतं, शक्यतो पहिल्या २४ तासांत.

मग नेमकं जे या मुलाचं झालंय ते होतं. पहिले काही दिवस दुखतं, नंतर मूल बरं दिसायला लागतं, खातं, खेळतं, घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात, आणि साधारण तिसऱ्या आठवड्यापासून पुढे आतली जखम भरताना आकसते आणि नळी बारीक होत जाते. आधी भाकरी-चपातीसारखं घट्ट अडकतं, मग भात, मग फक्त पातळ. याला फुग्याने किंवा डायलेटरने नळी ताणून रुंद करतात, एकदा करून भागत नाही, दर दोन-तीन आठवड्यांनी, कधी वर्षभर. तोवर पोटातून नळी टाकून जेवण द्यावं लागू शकतं. काहीच जमलं नाही तर आतड्याचा किंवा जठराचा भाग वापरून नवीन अन्ननलिका करतात. अ‍ॅसिड प्यायलं असेल तर जठराच्या खालच्या तोंडाशीही, जिथून अन्न आतड्यात जातं, असंच आकसतं.

ही गोष्ट नवी नाही हो. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत घरोघरी साबणासाठी आणि सफाईसाठी कॉस्टिक असायचं आणि शेव्हॅलिए जॅक्सन नावाचे घशाचे डॉक्टर अशाच मुलांच्या नळ्या रुंद करत बसलेले असायचे. शेवटी त्यांनी इतकी वर्षं पाठपुरावा केला की १९२७ मध्ये तिथे कायदा झाला, कॉस्टिकच्या डब्यावर "विष" असं छापायचं आणि प्यायल्यास काय करायचं ते लिहायचं. साधं लेबल! आज नायजेरिया, सिएरा लिओनसारख्या देशांत घरगुती साबणाच्या धंद्यासाठी कॉस्टिक घरात येतं आणि तिथल्या हॉस्पिटलांत तीच मुलं, तोच दीड महिना. सुटं विकलं जातं तिथे लेबलचा प्रश्नच येत नाही, विकत घेणारा मिळेल त्या बाटलीत नेतो, आणि मिळेल ती बाटली बहुतेक वेळा पिण्याचीच असते. शेजारच्या बाईंना दोष देऊ नका पण बाकीच्या बाटल्या आज बघून टाका.

प्रश्न : बटण सेल गिळला तर शौचावाटे पडतो ना?

पोटात गेला तर बहुतेक वेळा पडतो. अन्ननलिकेत अडकला तर २ तासांतही खोल भाजू शकतं, आणि तो फुटत-बिटत नाही, दोन्ही बाजूंना ओली कातडी लागली की करंट वाहतो आणि एका टोकाला अल्कली तयार होते, म्हणजे कॉस्टिक बाहेरून न पिता आतच बनतं. २० मिलिमीटरचे ३ व्होल्टचे लिथियमचे चपटे सेल सगळ्यात वाईट. एक्स-रेमध्ये तो नाण्यासारखा दिसतो पण कडेला दुहेरी गोल दिसतो, म्हणून "नाणं गिळलंय, वाट बघू" असं ठरवण्याआधी फिल्म नीट बघायला सांगा. मूल १ वर्षापेक्षा मोठं असेल, १२ तासांच्या आत असेल आणि गिळू शकत असेल तर हॉस्पिटलला जाता जाता दर १० मिनिटांनी २ चमचे मध देतात, जास्तीत जास्त ६ वेळा, त्याने भाजण्याचा वेग कमी होतो. मधासाठी थांबायचं मात्र नाही, आणि १ वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाहीच.

प्रश्न : गंज काढायचं लिक्विड बोटाला लागलं, काहीच झालं नाही म्हणून धुतलं नाही. रात्री ३ वाजता नखाखाली असं दुखायला लागलं की रडलो, पण वरून बोट साधं दिसत होतं. घरचे म्हणाले नाटक करतो.

दादा, नाटक नाही. काही गंज काढायच्या आणि काचेवर नक्षी करायच्या लिक्विडमध्ये हायड्रोफ्लुओरिक अ‍ॅसिड असतं, ते कमी तीव्रतेचं असेल तर दुखणं कित्येक तासांनी, २४ तासांपर्यंतही सुरू होतं. त्यातलं फ्लोराइड आत जाऊन शरीरातलं कॅल्शियम पकडतं, हाडापर्यंत जातं, आणि जास्त जागेवर किंवा कडक अ‍ॅसिड पडलं असेल तर रक्तातलं कॅल्शियम इतकं खाली जातं की हृदय बंद पडू शकतं, तळहाताएवढ्या भागालाही. यावर उतारा आहे, कॅल्शियम ग्लुकोनेट जेल, २.५ टक्के, धुतल्यानंतर चोळत राहायचं दुखणं थांबेपर्यंत. तयार जेल मिळत नाही तिथे आम्ही कॅल्शियम ग्लुकोनेटचं इंजेक्शन साध्या पाण्यात विरघळणाऱ्या जेलीत कालवतो, हातमोज्यात भरतो आणि पेशंटला मोजा घालायला देतो, मजा वाटते ऐकायला पण चालतं. सगळ्या प्रश्नोत्तरात "काय लावू" ला खरं उत्तर असलेली ही एकच केस. कॅनवर काय लिहिलंय ते बघून कळवा, आणि परत दुखलं तर रात्रीच जा.

प्रश्न : अ‍ॅसिड विक्रीवर बंधनं आणून खरंच काही होतं का? ज्याला फेकायचंय तो कुठूनही आणतो.

होतं. बांगलादेशात १९९९ पासून अ‍ॅसिड सर्व्हायव्हर्स फाउंडेशन मोजदाद ठेवत होती, २००२ मध्ये एका वर्षात ५०० च्या आसपास हल्ले झाले. त्याच वर्षी तिथे दोन कायदे आले, एक गुन्ह्यासाठी आणि दुसरा अ‍ॅसिडची आयात, साठा, विक्री यांना लायसन्स लावणारा, आणि १० वर्षांनी आकडा शंभराच्या खाली आला होता. नुसत्या कायद्याने झालं असं मी म्हणणार नाही, जनजागृती होती, मुलींचे प्रश्न चव्हाट्यावर आले होते, पण रागाच्या भरात हात घातला की अ‍ॅसिड मिळणं आणि न मिळणं यात फरक पडतोच. पाकिस्तानने २०११ मध्ये, कंबोडियाने २०११-१२ मध्ये, भारताने २०१३ मध्ये कायदे केले. भारतात सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या आदेशाप्रमाणे अ‍ॅसिड विकताना ओळखपत्र, रजिस्टर, १८ च्या खाली विक्री नाही. रजिस्टर कितपत भरलं जातं ते तुम्हीही बघता, मीही बघते.

एक गोष्ट मात्र छापून कुठेतरी चिकटवून ठेवा. भारतात अ‍ॅसिड हल्ल्याच्या पेशंटवर सरकारी असो की खासगी, प्रत्येक हॉस्पिटलने लगेच आणि फुकट उपचार करायचे असं कायद्यातच आहे, "आधी पोलिसांकडून कागद आणा" हे ऐकून घ्यायचं नाही. आणि रस्त्यावर असं काही दिसलं तर मोबाइल खिशात ठेवा आणि पाणी ओता, तो पहिला अर्धा तास त्या बाईच्या (कंबोडिया, युगांडात पुरुषही खूप) पुढच्या १० ऑपरेशनपैकी किती कमी करेल सांगता येत नाही.

प्रश्न : ८ महिन्यांपूर्वी कारखान्यात मानेवर आणि छातीवर कॉस्टिक उडालं. कातडी लावली, जखम भरली, डॉक्टर म्हणाले झालं. पण आता हनुवटी खाली ओढली जातेय, वर बघता येत नाही, आणि खाज इतकी की झोप नाही. वय २६.

जखम भरली म्हणजे झालं असं नसतं, भरलेली जखम पुढे वर्ष-दीड वर्ष हलत असते, जाड होते, आकसते. मानेचं तर जास्तच कारण मान खाली घातली की बरं वाटतं, ओढ बसत नाही, आणि ज्या स्थितीत आराम वाटतो त्याच स्थितीत व्रण आखडतो. तुमच्याकडून काही चुकलेलं नाही, हे तुम्हाला डिस्चार्जच्या दिवशी सांगायला हवं होतं.

८ महिने म्हणजे अजून व्रण लाल असेल, म्हणजे अजून बदलतोय, वेळ गेलेली नाही. फिजिओथेरपिस्टला गाठा, मानेचा कडक कॉलर मापाने बनवून घ्या, दाबाचे कपडे दिवसाचे २३ तास घालायचे असतात, आंघोळीपुरते काढायचे, पहिले दोन आठवडे नको नको होतं नंतर सवय होते. सिलिकॉनची शीट व्रणावर लावतात, त्याने जाडी आणि खाज दोन्हीला फरक पडतो. खाजेसाठी साधं खोबरेल किंवा कुठलंही बिनवासाचं मॉइश्चरायझर दिवसातून ४-५ वेळा चोळा, नखं कापलेली ठेवा, आणि गोळीही मिळते, लाजू नका, खाजेने झोप उडणं हे मोठं दुखणं आहे. उन्हात व्रण झाका, नाहीतर काळा पडतो. जिथे पुन्हा पुन्हा फुटतं आणि महिनोन्महिने भरत नाही अशी जागा असेल तर ती दाखवा, जुन्या व्रणावर क्वचित कॅन्सर होतो.

एवढं करूनही ओढ राहिली तर व्रण सोडवून नवीन कातडी लावतात, ते ऑपरेशन चांगलं होतं, पण त्यानंतरही हाच व्यायाम आणि हाच कॉलर. व्यायाम म्हणजे काय, पलंगावर उताणं झोपायचं, खांद्याखाली घडी केलेला टॉवेल, डोकं मागे सोडायचं, व्रण पांढरा पडेपर्यंत ताणायचा आणि ३० आकडे मोजायचे, दिवसातून ५-६ वेळा. रात्री झोपतानाही तोच टॉवेल खांद्याखाली, आणि उशी आजपासून बंद.